मत तुमचे, खर्च दुसऱ्याचा

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

«मी सांगलीत अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सॉफ्टवेअर, गेमिंग आणि विज्ञानाच्या बातम्या रोज वाचण्याचा मला नाद आहे, त्यामुळे घरात आणि मित्रांत ‘त्याला विचारा’ अशी माझी ओळख झाली आहे. पण दोनदा फजिती झाली. बारावीत असताना, २०२३ च्या जुलैमध्ये, विजेला शून्य रोध करणारा म्हणून गाजलेल्या कोरियातल्या एलके-९९ या पदार्थाची बातमी वाचून मी वर्गात ‘आता जग बदलणार’ असे छातीठोकपणे सांगितले. महिना उलटायच्या आत त्यातली हवा गेली आणि मित्र अजून चिडवतात. गेल्या वर्षी माझ्या सांगण्यावरून आतेभावाने एका नव्या गेमची प्री-ऑर्डर केली. ट्रेलर अप्रतिम होता, पण गेम त्याच्या जुन्या कन्सोलवर धड चालेनाच. तो बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही. आता मत द्यायलाच भीती वाटते. मी मते देणे बंद करावे का?

ता. क. वडिलांचे खते-बियाण्यांचे दुकान आहे. हिशेबाचा संगणक सहाव्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा, हार्ड डिस्कवाला आणि विंडोज १० चा आहे. त्यावर टॅली आणि जीएसटीचे काम चालते. पुढे काय करायचे, असे ते विचारत आहेत. मला वाटते, विंडोज काढून लिनक्स ही मोफत प्रणाली टाकावी किंवा चांगल्या ग्राफिक्स कार्डासह नवा संगणक घ्यावा.»

प्रिय वाचक,

तुमच्या पत्राचा मोठा भाग एलके-९९ आणि आतेभावाच्या गेमने व्यापला आहे आणि वडिलांच्या संगणकाचा विषय ताजा कलमात आटोपला आहे. उत्तर देताना मी हा क्रम उलटा करणार आहे आणि त्याचे कारण तुमच्या मूळ प्रश्नाशीच निगडित आहे. एलके-९९ विषयीचे तुमचे मत चुकले तेव्हा कोणाचा एक रुपयाही बुडाला नाही. एका वैज्ञानिक बातमीने तुम्ही हरखून गेलात, एवढेच झाले, आणि बारावीतल्या मुलाने हरखून जाऊ नये तर कोणी जावे? गेमच्या बाबतीत आतेभावाचे पैसे गेले. वडिलांच्या संगणकाच्या बाबतीत मात्र मत चुकले, तर ऐन पेरणीच्या हंगामात शेतकऱ्यांच्या उधारीची खाती, खरेदीची बिले आणि कराची विवरणपत्रे अडकून पडतील. तेव्हा मते देणे मुळीच बंद करू नका. फक्त मत चुकले तर भुर्दंड कोणाला पडेल ते आधी पाहा आणि भुर्दंड जितका मोठा, तितकी चौकशी खोलवर करा. पत्रावरून असे दिसते की, आजवर तुमचे वाचन बातमीच्या झगमगाटाच्या प्रमाणात होत आले आहे, आणि दुकानातल्या जुन्या संगणकाला झगमगाट नसतो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. त्यामुळे संगणक बंद पडत नाही. तो कालच्यासारखाच आजही सुरू होतो, आणि म्हणूनच धोका कोणाच्या लक्षात येत नाही. थांबली आहे ती सुरक्षेतल्या त्रुटींची दुरुस्ती. त्या तारखेनंतर सापडलेली प्रत्येक त्रुटी तशीच उघडी राहते, शिवाय विंडोज ११ मध्ये दर महिन्याला कोणत्या त्रुटी बुजवल्या याची माहिती जाहीर होत असल्यामुळे, जुन्या प्रणालीत कुठून शिरता येईल याचा माग हल्लेखोरांना आयताच मिळतो.

हे भय पुस्तकी नाही. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या फाइल-वाटपाच्या व्यवस्थेतील एका गंभीर त्रुटीची दुरुस्ती दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही त्यांच्यावर १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर कोसळले आणि ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचे कामकाज विस्कटले. तेवढ्याने सर्वांचे डोळे उघडायला हवे होते, पण जूनच्या अखेरीस नॉटपेट्या हे दुसरे घातक सॉफ्टवेअर आले. ते युक्रेनमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरले, पसरण्यासाठी त्याने इतर मार्गांबरोबर तीच जुनी त्रुटीही वापरली, आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातून ते थेट आपल्या न्हावा-शेवा बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलपर्यंत येऊन पोहोचले. तिथली कंटेनरची कामे ठप्प झाली. युक्रेनमधल्या हिशेबनिसाचा संगणक आणि उरणच्या रस्त्यावर खोळंबलेला ट्रकचालक यांचा संबंध असा जोडला गेला. वडिलांच्या संगणकाकडे कोण कशाला लक्ष देईल, असे वाटत असेल, तर हे लक्षात घ्या की असे हल्ले माणूस निवडून होत नाहीत. जे दार उघडे सापडेल त्यात ते शिरतात.

आता उपाय. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने घातलेल्या अटींत टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आहे आणि प्रोसेसर, काही मोजके अपवाद वगळता, इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. डेस्कटॉपच्या चार आकडी क्रमांकातला पहिला अंक पिढी सांगतो. ६१०० म्हणजे सहावी आणि ८१०० म्हणजे आठवी. बऱ्याच संगणकांत टीपीएमची सोय असते, पण बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, ती बंद ठेवलेली असते आणि सुरू केली की काम भागते. तुमच्या वडिलांच्या संगणकाची अडचण मात्र प्रोसेसरपाशीच आहे, त्यामुळे तेवढ्याने भागणार नाही. अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या तुम्ही वाचल्या असतीलच. त्या चालतातही, पण अशा संगणकांना पुढची अपडेट मिळतीलच अशी हमी नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितले आहे. स्वतःच्या संगणकावर तो प्रयोग खुशाल करा, त्यातून शिकायला मिळेल. ज्यावर दुकान चालते त्या संगणकावर करू नका.

विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा-अपडेटची योजना आहे आणि तिची जाहीर मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. घरगुती वापरकर्त्यांना सेटिंग्जमधील विंडोज अपडेटच्या पानावरून तीत नाव नोंदवता येते. मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलर भरण्याचा पर्याय आहे. संस्थांसाठी असलेली योजना वेगळी आणि महाग आहे, म्हणून दुकानाचा संगणक कोणत्या सदरात मोडतो ते अटी वाचून ठरवा. ही कायमची सोय नाही, पण तिच्यामुळे निर्णय घाईत घ्यावा लागणार नाही आणि नवा संगणक घेतलाच तर तो हंगाम सरल्यावर घेता येईल.

लिनक्सविषयी तुमचे मत चांगले आहे आणि माझेही आहे. ज्यांचे सारे काम ब्राउझरमध्ये होते, अशा कोणाच्याही जुन्या संगणकावर लिनक्स मिंट बसवायला मी आनंदाने सांगेन. पण लिनक्स चांगले आहे का, हा वडिलांचा प्रश्नच नव्हता. एखाद्या सुट्टीच्या दिवशी त्यांच्याशेजारी बसा आणि ते दिवसभरात काय काय उघडतात ते लिहून काढा. टॅली विंडोजसाठी बनवलेले आहे. डिजिटल सही यूएसबी टोकनवर असेल तर त्या टोकनचा ड्रायव्हर आणि सही करून देणारा प्रोग्रॅम दुसऱ्या प्रणालीसाठी मिळतो का, ते पाहावे लागेल. बिले छापणारा जुना प्रिंटर तिथे चालेल का, हेही तपासावे लागेल. दुकानाची जुनी पत्रे आणि दरपत्रके श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती वाचताच येणार नाहीत. यांतली एक गोष्ट जरी अडली, तरी वडील दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक समोर उभे असताना तुम्हाला महाविद्यालयात फोन करतील. जोवर टॅली आहे तोवर विंडोजच राहू द्या, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याआधी, अगदी या आठवड्यात करण्यासारखे एक काम आहे आणि ते बातम्यांत कधीच येत नाही. टॅलीच्या डेटाचा बॅकअप घ्या. एक प्रत अशा बाहेरच्या डिस्कवर ठेवा, जी बॅकअप संपताच संगणकापासून काढून ठेवली जाईल, कारण जोडलेली डिस्क खंडणीखोर सॉफ्टवेअर संगणकाबरोबरच कुलूपबंद करते. दुसरी प्रत दुकानाबाहेर, म्हणजे घरी असू द्या. कृष्णेच्या पुराचे पाणी कुठवर येते हे सांगलीकराला सांगायला नको. मग ती प्रत दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहा. वडिलांना म्हणावे, गेल्या वर्षीच्या कोणत्याही एका शेतकऱ्याचे खाते सांगा. ते नाव उघडलेल्या प्रतीत सापडले आणि बाकी रुपया-पैशासकट जुळली, तरच बॅकअप झाला असे समजा. वर्षानुवर्षे बॅकअप घेत राहिलेल्या कित्येकांना त्यांची फाइल कधीच नीट उघडत नव्हती, हे गरज पडल्यावर कळते. हे झाले की हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क, बसवा. तो जुना संगणक नवी मुदत संपेपर्यंत चटपटीत चालेल, आणि पुढे नवा संगणक घेतलात तर बहुधा तीच एसएसडी बाहेरच्या बॅकअपसाठी उपयोगी पडेल.

ग्राफिक्स कार्डाचे काय? टॅलीला ते लागत नाही. तुम्हाला गेमसाठी हवे असेल तर त्यात गैर काही नाही, मात्र ती मागणी तुमची म्हणून वेगळी मांडा आणि वेगळा खर्च सांगा. वडिलांच्या अडचणीत आपली हौस मिसळली की दिलेल्या सल्ल्यातले किती त्यांच्यासाठी आणि किती आपल्यासाठी, हे देणाऱ्यालाही कळेनासे होते. तुम्ही हे जाणूनबुजून केले आहे असे मी म्हणत नाही. हौशी माणसांकडून हे सहज होते.

तुमच्या स्वतःच्या संगणकावर लिनक्स बसवून गेम खेळायचे मनात असेल, तर तिथली स्थिती खरोखर बदलली आहे. वॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारे प्रोटॉन हे सॉफ्टवेअर आणले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये लिनक्सवर चालणारे स्टीम डेक हे हातातले यंत्र विकायला सुरुवात केली. तेव्हापासून विंडोजसाठी लिहिलेले हजारो गेम लिनक्सवर चालू लागले आहेत. एकट्याने खेळायचे गेम बहुतेक अडत नाहीत. अडते ते फसवणूकविरोधी यंत्रणेपाशी. व्हॅलोरंट या ऑनलाइन गेमची व्हॅनगार्ड ही यंत्रणा विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसते आणि लिनक्सवर ती नाही. एपेक्स लीजेंड्स या गेमच्या निर्मात्यांनी तर २०२४ च्या अखेरीस लिनक्सवरून खेळणाऱ्यांना दारच बंद केले. मित्रमंडळी रोज रात्री व्हॅलोरंट खेळत असतील तर लिनक्स कितीही आवडले तरी तुम्ही एकटे बाहेर राहाल, आणि कोणी विचारले तर हेही सांगायला हवे.

कर्नलचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो, कारण सॉफ्टवेअरच्या बातम्यांत हे दोन धागे क्वचितच एकत्र येतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले आणि भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते सॉफ्टवेअरही कर्नलमध्येच काम करते. साधा प्रोग्रॅम कोसळला की तो एकटा बंद पडतो. कर्नलमधला कोसळला की सगळा संगणक खाली येतो. एका गेमसाठी आपण संगणकाच्या इतक्या आतल्या खोलीची किल्ली एखाद्या कंपनीला द्यावी का, यावर मत बनवण्यासारखे पुष्कळ आहे. माझे मत असे की खेळण्याच्या संगणकावर ती दिली तरी चालेल, पण ज्यावर बँकेचे किंवा दुकानाचे व्यवहार होतात त्यावर देऊ नये. म्हणूनही एकच संगणक तुम्ही आणि वडील दोघांनी वापरण्याची कल्पना मला पसंत नाही.

आतेभावाच्या प्रकरणात फार वेळ घालवण्याची गरज नाही, पण सायबरपंक २०७७ चा सगळ्यांना माहीत असलेला इतिहास नीट आठवून पाहा. हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी आला, त्याआधीच त्याच्या सुमारे ८० लाख प्रती नोंदवल्या गेल्या होत्या, आणि आठवडाभरातच सोनीने तो आपल्या प्लेस्टेशनच्या दुकानातून काढून टाकला. परत यायला त्याला जून २०२१ उजाडले. प्रकाशनापूर्वी समीक्षकांना मिळालेल्या प्रती फक्त पीसीच्या होत्या आणि त्यांना स्वतः चित्रित केलेली दृश्ये दाखवायची मुभा नव्हती. म्हणजे पहिल्या दिवशीची गुणांकने खोटी नव्हती, पण जुन्या कन्सोलवर खेळणाऱ्यासाठी ती निरुपयोगी होती. ज्या यंत्रावर आतेभाऊ खेळणार आहे, त्याच यंत्रावर कोणी स्वतंत्रपणे खेळून चित्रित केलेले दहा मिनिटांचे दृश्य जोवर दिसत नाही, तोवर त्या गेमविषयी तुमचे मत तयार झालेले नाही असे समजा. ट्रेलर ही जाहिरात असते आणि तिचे कौतुक जाहिरात म्हणून जरूर करा.

डिजिटल गेमची प्री-ऑर्डर करण्यात मला तर काहीच शहाणपण दिसत नाही, कारण फाइलचा साठा संपत नाही. पैसे परत मिळण्याच्या अटीही दुकानागणिक बदलतात. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असल्यास पैसे परत मिळतात. प्लेस्टेशनच्या दुकानात डाउनलोड सुरू झाले की सहसा मिळत नाहीत. आतेभावाला खरे तर ट्रेलरपेक्षा ही माहिती हवी होती, आणि ती दोन मिनिटांत सापडते. सायबरपंकची पुढची हकीकतही त्याला सांगा. सप्टेंबर २०२३ मधील २.० या आवृत्तीनंतर तोच गेम नावाजला गेला. गेमविषयीच्या मताला म्हणूनच तारीख, यंत्र आणि आवृत्ती जोडलेली असली पाहिजे. ती जोडली की जुने मत आणि नवे मत यांत विरोध उरत नाही.

आता एलके-९९ कडे येतो. इथे मला सविस्तर बोलायचे आहे, कारण त्या प्रकरणातून तुम्ही चुकीचा धडा घेतला आहे. तुम्हाला वाटते की ती बातमी म्हणजे फसगत होती. माझ्या मते विज्ञानाचे कामकाज उघड्या डोळ्यांनी पाहण्याची इतकी चांगली संधी अलीकडे दुसरी आली नाही.

२२ जुलै २०२३ रोजी सोलमधील संशोधकांनी अर्काइव्ह या संशोधनलेखांच्या संकेतस्थळावर आपला प्रबंध ठेवला. शिसे, फॉस्फरस, ऑक्सिजन आणि थोडे तांबे असलेला हा पदार्थ साध्या हवेच्या दाबाला आणि १२७ अंश सेल्सिअसपर्यंतही अतिसंवाहक, म्हणजे विजेला अजिबात रोध न करणारा, राहतो, असा त्यांचा दावा होता. साध्या दाबाला ज्यांची अतिसंवाहकता निर्विवाद सिद्ध झाली आहे, ते पदार्थ उणे १३८ अंशांच्या आसपास थांबतात. दावा एवढ्या मोठ्या उडीचा होता. प्रबंध ठेवला याचा अर्थ तो तपासला गेला असा नव्हे. अर्काइव्हवरचे लेखन समीक्षणापूर्वीचे असते आणि बातम्यांत हे वाक्य बहुधा शेवटच्या परिच्छेदात येते. पण पदार्थ बनवण्याची कृती सोपी होती आणि ती प्रबंधात दिली होती, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांनी भट्ट्या पेटवल्या. दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा त्यांत अगदी सुरुवातीच्यांपैकी होती, आणि आपल्या नमुन्यात अतिसंवाहकता आढळत नाही, हे तिथल्या संशोधकांनी लगेच कळवले.

या गोष्टीतला माझा आवडता भाग १०४ अंशांचा आहे. कोरियन गटाच्या आलेखात सुमारे १०४ अंश सेल्सिअसला विद्युत्‌रोध एकदम कोसळलेला दिसत होता आणि तोच त्यांच्या दाव्याचा एक मोठा आधार होता. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ प्रशांत जैन यांना तो आकडा ओळखीचा वाटला. त्यांनी आधी कॉपर सल्फाइडवर काम केले होते आणि तो पदार्थ याच तापमानाला आपली स्फटिकरचना बदलतो, हे त्यांना ठाऊक होते. कृतीत लेड सल्फेट होते, तांबेही होते, म्हणजे भट्टीत कॉपर सल्फाइड तयार होणे क्रमप्राप्तच होते. पुढे चीनमधील संशोधकांनी कॉपर सल्फाइड मिसळलेले नमुने मोजून हीच घसरण दाखवली आणि जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेने कॉपर सल्फाइडविरहित शुद्ध स्फटिक वाढवला. तो जांभळट, पारदर्शक आणि वीज जवळजवळ वाहूच न देणारा निघाला. लोहचुंबकावर एका कडेवर तरंगणाऱ्या तुकड्याच्या त्या चित्रफितीचा उलगडाही साध्या चुंबकीय गुणधर्मांनी झाला. ऑगस्टच्या मध्यापर्यंत प्रश्न जवळजवळ निकालात निघाला होता.

त्या दिवसांत तुम्ही वर्गात काय म्हणायला हवे होते? माझ्या मते एवढेच, की दावा प्रचंड आहे, कृती उघड आहे, दोन-तीन आठवड्यांत कळेल, आणि शून्य रोध व चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलण्याचा गुण, हे दोन्ही एकाच नमुन्यात दुसऱ्या कोणीतरी मोजले तरच मी मानेन. यात उत्साहही राहिला असता आणि मित्रांना पुढे काय पाहायचे हेही कळले असते. तुम्ही म्हणाल, इतके सावध राहिले तर खऱ्या क्रांतीच्या वेळीही माणूस मागे राहील. तसे होत नाही. १९८६ मध्ये झ्युरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनोर्त्स आणि म्युलर यांना सिरॅमिकमध्ये अतिसंवाहकता सापडली, तेव्हाही कोणाचा चटकन विश्वास बसला नव्हता. पण इतर प्रयोगशाळांना ती तशीच दिसली, काही महिन्यांतच अमेरिकेत त्याहून कितीतरी वरच्या तापमानाचा पदार्थ मिळाला आणि १९८७ चे नोबेल पारितोषिक त्या दोघांना मिळाले. खरी गोष्ट दुसऱ्याच्या हातूनही घडते. तिला वाट पाहणाऱ्यांमुळे काही कमीपणा येत नाही.

प्रतिष्ठित नियतकालिकाचा शिक्काही अशा बाबतीत पुरेसा नसतो. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठातील रंगा डायस यांच्या गटाचे खोलीच्या तापमानाच्या अतिसंवाहकतेवरील दोन प्रबंध नेचरमध्ये छापून आले होते, आणि २०२२ व २०२३ मध्ये ते दोन्ही मागे घेतले गेले. उलट कधी कधी एक सावध वाचकच पुरतो. २०१८ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील दोन संशोधकांनी सोने-चांदीच्या सूक्ष्मरचनेत उणे ३७ अंशांना अतिसंवाहकता आढळल्याचा प्रबंध अर्काइव्हवर ठेवला. एमआयटीतील ब्रायन स्किनर यांनी त्यातले आलेख मोठे करून पाहिले, तेव्हा वेगवेगळ्या चुंबकीय क्षेत्रांत घेतलेल्या दोन मोजण्यांमधली बारीक थरथर तंतोतंत सारखी असल्याचे त्यांना दिसले. खरी मोजणी दोनदा घेतली तर तिच्यातली थरथर दोन्ही वेळा निराळी असते. हे पाहायला त्यांना प्रयोगशाळा लागली नाही. तो प्रबंध तुम्हालाही मोफत उघडून पाहता येतो.

बातमीतल्या आकड्यांना एक प्रश्न आवर्जून विचारत जा: हे कशाच्या तुलनेत? डिसेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने लेसरच्या साहाय्याने अणुसंमीलनातून, म्हणजे अणुकेंद्रके एकत्र जोडण्यातून, घातली त्याहून जास्त ऊर्जा मिळवली. २.०५ मेगाज्यूल आत गेले आणि ३.१५ बाहेर आले. ते यश खरे होते आणि थोर होते. पण ‘आत गेले’ म्हणजे लेसरच्या प्रकाशातून लक्ष्यावर पोहोचले, इतकाच त्या आकड्याचा अर्थ होता. ते लेसर चालवायला विजेच्या जाळ्यातून सुमारे ३०० मेगाज्यूल घ्यावे लागले होते. घरोघरी फुकट वीज येणार असे सांगणारे मथळे आणि हा सगळा देखावा आहे असे म्हणणारे शेरे, या दोन्हींचा खोटेपणा त्या एका प्रश्नातून बाहेर पडतो.

शेवटी एक काम सुचवतो. तुमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत रोध मोजण्याचा फोर-प्रोब प्रयोग बहुधा असेल. पहिल्या वर्षी तुम्ही तो जर्नल भरण्यापुरता केला असाल, तर सरांची परवानगी घेऊन तो पुन्हा करा. वीज बाहेरच्या दोन टोकांतून द्यायची आणि विभवांतर आतल्या दोन टोकांवर का मोजायचे, हे समजून घ्या. मग विभवांतराचे एक टोक किंचित सैल करा आणि वाचन कसे भरकटते, कधी खाली घसरून शून्याशी कसे येते ते पाहा. प्रवाहाची दिशा उलटवून पुन्हा मोजा आणि दोन्ही वाचने शेजारी शेजारी लिहा. त्या वहीचे पान मित्रांना दाखवून एलके-९९ विषयी बोलायला बसा, आणि आतेभावालाही बोलवा.